लुई ब्रेलच्या घरच्यांनी त्या सात वर्षांत काय केलं?

ताई, तुमचा प्रश्न मी मोबाईलवर दोनदा ऐकला. साडेपाच वर्षांच्या तुमच्या मुलाला धनुष्यबाण खेळताना बांबूच्या कामटीचा बाण उजव्या डोळ्यात लागला. काही आठवड्यांनी डावा डोळाही लाल होऊन अंधुक झाला, आणि आता त्या डोळ्याला उजेड आणि मोठ्या वस्तूंचे आकार एवढंच कळतं. कामटी त्याच्या बाबांनीच तासून दिली होती, म्हणून ते पोराजवळ बसायचंच टाळतात. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "लुई ब्रेलचंही असंच झालं होतं, काळजी करू नका." तुम्ही विचारलंय, असंच म्हणजे कसं? तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा झालेलं पोर पंधराव्या वर्षी लिपी तयार करतं, तर मधल्या वर्षांत त्याच्या घरात नेमकं काय घडलं?

मी एकतीस वर्षं अंध मुलांना ब्रेल शिकवते. माझे स्वतःचे डोळे चौथ्या वर्षी गोवरात गेले. मी वाचते डाव्या हाताच्या तर्जनीने. त्यामुळे लुईच्या बालपणाची गोष्ट मी आधी ऐकली, मग वाचली, आणि नंतर वर्षानुवर्षं मुलांना सांगताना तिच्यातला कुठला भाग खरोखर उपयोगाचा आहे ते मला कळत गेलं. लोक अपघात सांगतात आणि थेट शोधावर उडी मारतात. तुम्ही विचारलेली मधली वर्षंच कुणी सांगत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट. एका डोळ्याला आरपार जखम झाली की कधीकधी शरीराची संरक्षणयंत्रणा दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर उलटते. डॉक्टर याला सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात. लुईच्या बाबतीतही हेच झालं असावं किंवा जखमेतला जंतुसंसर्ग पसरला असावा, असं मानलं जातं. 1812 साली या दोन्हींवर कुणाकडेच औषध नव्हतं. आज स्टेरॉइड्स आहेत, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं आहेत, आणि ती महिनोन्‌महिने चालतात. डोळ्याची लाली गेली म्हणून औषध मध्येच सोडू नका, तपासणीची तारीख चुकवू नका. डाव्या डोळ्यात जे उरलंय ते सांभाळायचंय. ब्रेल शिकवायला घेतलं म्हणजे डोळ्याची आशा सोडली, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात.

आता कूव्रे. पॅरिसच्या पूर्वेला साधारण 40 किलोमीटरवरचं हे खेडं. लुई तिथे 4 जानेवारी 1809 रोजी जन्मला. वडील सिमॉं-रने ब्रेल घोड्यांचा साज, खोगिरं, लगाम बनवायचे. आपल्याकडे जिनगर करायचे तेच काम. आईचं नाव मोनिक. चार भावंडांत लुई शेंडेफळ, आणि त्याच्या आधीची बहीण त्याच्याहून तब्बल अकरा वर्षांनी मोठी. म्हणजे घरात हे एकच लहान मूल होतं आणि बाकी सगळे कामाला लागलेले हात. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तीन वर्षांचा असताना तो वडिलांच्या कारखान्यात शिरला आणि चामड्याशी खेळताना हातातलं हत्यार निसटून डोळ्यात गेलं. ते हत्यार कोणतं यावर एकवाक्यता नाही. बहुतेक ठिकाणी आरी म्हणतात, म्हणजे चांभाराकडे चामड्याला भोक पाडायला असते ती. काही ठिकाणी वाकड्या पात्याची सुरी म्हटलंय. जखम चिघळली, दुसरा डोळाही त्यात सापडला, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याला पूर्ण अंधत्व आलं.

तुमच्या मुलाच्या बाबांना हे वाचून दाखवा. हत्यार सिमॉं-रनेचं होतं, कारखाना त्याचा होता, पोर त्याच्याच ओट्यापाशी जखमी झालं. त्याच्या मनात काय चाललं होतं याची नोंद मला कुठे मिळालेली नाही, म्हणून त्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्याने हाताने काय केलं ते मात्र सांगता येतं. त्याने पोराला लाकडाच्या काठ्या करून दिल्या, त्याच्या उंचीला बेतशीर. त्या काठीने लुई घर, अंगण, गल्ली, गावातली चढउताराची वाट शिकला. आणि चरित्रकार सांगतात की वडिलांनी फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून अक्षरांचे आकार बनवले आणि त्यावरून मुलाची बोटं फिरवून त्याला मुळाक्षरं ओळखायला लावली.

या खिळ्यांच्या फळीपाशी मी दरवेळी थांबते. चामड्याच्या कारागिराकडे खिळे आणि हातोडी असणारच. त्याने मुलासाठी कुठूनही खास वस्तू आणली नाही, हाताशी होतं ते वापरलं. दुसरं असं की अक्षर खिळ्यांचं केलं की ते रेषेचं राहत नाही, उंचवट्यांची रांग होते. यातूनच पुढे ठिपक्यांची लिपी सुचली असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण पाच-सहा वर्षांच्या बोटाला उंचवटे मोजायची, त्यांचा आकार मनात जुळवायची सवय घरातच लागली असेल, तर शिक्षिका म्हणून मला ती फार मोलाची वाटते. माझ्याकडे दहाव्या वर्षी पहिल्यांदा येणाऱ्या मुलांची बोटं बहुतेक वेळा कोरी असतात. त्यांना कुणी भाजी निवडू दिलेली नसते, शर्टाची बटणं लावू दिलेली नसतात. "राहू दे रे, तुला लागेल," या एका वाक्यात त्यांची पाच-सहा वर्षं गेलेली असतात.

माझी आजी वेगळी होती. डोळे गेल्यानंतर वर्षभरात तिने माझ्यासमोर शेंगांची पाटी ठेवली आणि म्हणाली, फोड. मग किडका दाणा वेगळा काढ. मग पावटा आणि चवळी वेगळी कर. आई रडायची, की हिला काय कामाला जुंपलंय. आजीला ब्रेल हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. पण पुढे मी अंधशाळेत गेले तेव्हा पहिल्या महिन्यात मला अक्षरं यायला लागली, आणि माझ्याबरोबर आलेल्या मुलीला सहा महिने लागले. तिची बुद्धी माझ्यापेक्षा तल्लख होती. तिच्यासमोर शेंगा कुणी ठेवल्या नव्हत्या, एवढाच फरक.

लुईकडे परत येते. तो पूर्ण आंधळा होत होता त्याच सुमारास, 1814 मध्ये, नेपोलियनचा पाडाव झाला आणि परक्या फौजा पॅरिसच्या आसपासच्या गावांत शिरल्या. कूव्रेतल्या घराघरांत सैनिक उतरवले गेले, गावाकडून धान्य आणि जनावरं वसूल झाली. पाच वर्षांच्या पोराला अंगणातले आवाज नुकते ओळखीचे होत असताना त्यात अनोळखी बूट आणि अनोळखी भाषा मिसळली. हे दिवस चांगले मुळीच नव्हते. लुईचं बालपण म्हणजे शांत खेडं, फुलांचा वास, असं गोड चित्र रंगवतात, ते मला पटत नाही. घरात ओढाताण होती, आणि तरीही काठी, फळी, अक्षरं हे सगळं त्याच काळात चालू राहिलं.

1815 मध्ये गावात झाक पाल्युई नावाचे नवे धर्मगुरू आले. त्यांनी लुईला शिकवायला घेतलं. मग गावच्या शाळेचे मास्तर आंत्वान बेशरे यांनी त्याला डोळस मुलांच्या वर्गात बसू दिलं. लुई सात वर्षांचा असेल. बेशरेंच्या शाळेत अंध मुलासाठी एकही साधन नव्हतं. पाटी नाही, पुस्तक नाही, प्रशिक्षण तर नाहीच. मास्तर बोलायचे, मुलगा ऐकायचा आणि लक्षात ठेवायचा, आणि या पद्धतीने तो वर्गात चमकला. आज आपण ज्याला समावेशक शिक्षण म्हणतो, त्याची सुरुवात बेशरेंनी दार उघडं ठेवून केली. तुमच्या मुलाच्या बालवाडीने "आमच्याकडे सोय नाही" म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. सोय मागाहून करता येते. आधी मूल बाकावर बसलं पाहिजे, इतर मुलांच्या गलक्यात. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तुमच्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. मुख्याध्यापकांशी बोलताना हे शांतपणे सांगा.

पण ऐकून ऐकून किती शिकणार? ही मर्यादा पाल्युई आणि बेशरे या दोघांनाही कळली असावी. गावातल्या एका सरदार घराण्याच्या मदतीने त्यांनी पॅरिसच्या अंध मुलांच्या शाही संस्थेत लुईसाठी जागा आणि शिष्यवृत्ती मिळवली. 15 फेब्रुवारी 1819 रोजी, दहा वर्षं पुरी होऊन सव्वा महिना झाला असताना, तो तिथे दाखल झाला. 1812 ते 1819, ही ती सात वर्षं. या सात वर्षांत त्याने काहीच शोधलं नाही. त्याच्या हातात वस्तू दिल्या गेल्या, त्याला पायाने हिंडू दिलं गेलं, शाळेत बसू दिलं गेलं, आणि वेळ आल्यावर घरापासून लांब जाऊ दिलं गेलं. शेवटचं सगळ्यात अवघड. मी स्वतः नऊ वर्षांची असताना एसटीने वसतिगृहात गेले. आईने माझा हात वसतिगृहातल्या बाईंच्या हातात दिला तेव्हा तो घामाने ओला होता, एवढं मला अजून आठवतं.

पॅरिसची संस्था 1785 मध्ये व्हॅलेंटिन आउई यांनी सुरू केली होती. अंध मुलांसाठी अशी शाळा जगात त्याआधी नव्हती. 1771 मध्ये एका जत्रेत अंध माणसांना विचित्र पोशाख घालून, वाद्यं हातात देऊन लोक हसत होते, ते पाहून आउई अस्वस्थ झाले आणि पुढे त्यांनी अंधांना वाचायला शिकवायचं ठरवलं. लुई आला तेव्हा संस्था पॅरिसमधल्या एका जुन्या, दमट, अरुंद इमारतीत होती. तिथल्या कुबट हवेचा विद्यार्थ्यांच्या प्रकृतीवर परिणाम होत असे. पुढे लुईला क्षय झाला, आणि त्याची सुरुवात त्या इमारतीत झाली असावी असं अनेकांना वाटतं.

आउईंची वाचनपद्धत सांगते, कारण तिथेच खरी अडचण होती. ओला जाड कागद छापखान्यातल्या मोठ्या उलट्या अक्षरांच्या ठशांवर दाबायचा आणि डोळस लोकांचीच रोमन अक्षरं कागदावर उठवायची. पुस्तकं अवजड आणि मोजकीच. मुलाने प्रत्येक अक्षराच्या कडेकडेने बोट फिरवायचं, आकार ओळखायचा, मग पुढचं अक्षर. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली. आणि सगळ्यात मोठी उणीव, या पद्धतीत मुलाला स्वतः सहजपणे लिहिता येत नव्हतं. घरी पत्र पाठवायचं तर दुसऱ्याला सांगायचं. दहा वर्षांच्या मुलाला आईला काय सांगायचंय, ते आधी तिऱ्हाइताला सांगावं लागणार. हे मी भोगलेलं आहे, म्हणून सांगते, अशा पत्रात मूल खरं काहीच सांगत नाही. "मी मजेत आहे" एवढंच जातं.

आउईंचा हेतू निर्मळ होता. त्यांच्यामुळेच अंध मुलं वाचू शकतात हे जगाला पटलं. पण ही लिपी डोळस माणसाने डोळ्यासाठी केलेली होती, तिला फक्त उठाव दिला होता. बोट डोळ्यासारखं चालत नाही. डोळ्याला रेषा एका नजरेत दिसते, बोटाला ती चालत जाऊन शोधावी लागते. ठिपके मात्र बोटाच्या पेराखाली एकदम उमटतात.

ठिपके आणले शार्ल बार्बिए यांनी. 1821 मध्ये त्यांची पद्धत या संस्थेत आली, तेव्हा लुई बारा वर्षांचा होता. नेपोलियनच्या सैनिकांना अंधारात निरोप वाचता यावेत म्हणून ही लिपी काढली, असं सगळीकडे सांगतात. अलीकडच्या अभ्यासकांना ते पटत नाही. बार्बिए सैन्यात होते हे खरं, पण त्यांच्यासमोर शाळेत न गेलेले आणि अंध लोक होते. मलाही सैनिकांची गोष्ट सांगणं आता बंद करावंसं वाटतं. ती ऐकायला रंजक आहे, पण तिच्यामुळे बार्बिए यांचं खरं श्रेय झाकलं जातं.

त्यांची पद्धत अशी. फ्रेंच भाषेतले 36 उच्चार सहा ओळी आणि सहा रकान्यांच्या तक्त्यात मांडायचे. मग प्रत्येक उच्चार ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगांनी दाखवायचा. डावीकडच्या ठिपक्यांची संख्या म्हणजे तक्त्यातली ओळ, उजवीकडची म्हणजे रकाना. एका चिन्हात बारापर्यंत ठिपके. लिहायला खाचांची पाटी आणि टोचायचं साधन. मुलांना पहिल्यांदाच स्वतः लिहिता आलं, स्वतःच तपासता आलं. संस्थेत केवढा आनंद झाला असेल.

मग अडचणी लक्षात आल्या. बारा ठिपक्यांचं चिन्ह पेराखाली मावत नाही. बोट वर-खाली सरकवून ठिपके मोजत बसावं लागतं. आणि पद्धत उच्चारांवर चालते, स्पेलिंगवर नाही. मराठी माणसाला यात काय वाईट ते चटकन उमगत नाही, कारण आपण बहुतांशी उच्चाराप्रमाणेच लिहितो. फ्रेंचमध्ये मात्र 'ओ' हा एकच उच्चार कधी एका अक्षराने, कधी दोन, कधी तीन अक्षरांनी लिहितात. उच्चारच शिकलेल्या मुलाला डोळस जगाचं शुद्धलेखन कधीच येणार नाही. तो कायम अर्धा निरक्षर राहील. शिवाय विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीताची चिन्हं नाहीत. ज्या संस्थेत मुलं पियानो आणि ऑर्गन शिकत होती, तिथे ही मोठीच उणीव.

लुईने याच पद्धतीवर काम सुरू केलं. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत. दिवसा वर्ग आणि हातकामाच्या तासिका, म्हणून पहाटे, रात्री, सुट्टीत घरी कूव्रेला. 1824 पर्यंत मुख्य आराखडा तयार झाला. त्याने चिन्हाची उंची निम्म्यावर आणली, तीन ओळी आणि दोन रकाने, सहा ठिपके. म्हणजे अख्खं अक्षर एका पेराखाली आलं, बोट आता ओळीवरून आडवं सरकू लागलं. आज छापील ब्रेलमध्ये दोन शेजारच्या ठिपक्यांतलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर असतं आणि ठिपक्याची उंची साधारण अर्धा मिलिमीटर. हे माप बोटाच्या पेराचं माप आहे. सहा ठिपक्यांतून 63 वेगवेगळी चिन्हं होतात, अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, संगीत, सगळ्याला पुरतील इतकी.

त्यातली आखणी पाहा. रोमन लिपीतली पहिली दहा अक्षरं वरच्या चार ठिपक्यांतच बसवली. पुढच्या दहासाठी तीच चिन्हं, फक्त डावीकडचा सर्वांत खालचा ठिपका वाढवायचा. त्यापुढच्यांसाठी खालचे दोन्ही ठिपके वाढवायचे. मुलाने दहा चिन्हं पाठ केली की उरलेली जवळजवळ फुकट मिळतात. रोज मुलांना शिकवणारी बाई म्हणून सांगते, ही आखणी वर्गात बसून कंटाळलेल्या मुलाची आहे. पाठांतर किती जड जातं हे ज्याला ठाऊक आहे तोच असं करेल.

आणि तो एकटा नव्हता. हा मुद्दा गोष्टीतून नेहमी गळतो. त्याच्याभोवती अंध मुलांचं वसतिगृह होतं. गाब्रिएल गोतिएसारखे मित्र होते, जो पुढे त्याच्याबरोबर शिक्षक झाला. नवं चिन्ह केलं की ते शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या बोटाखाली ठेवून बघता येत होतं. संस्थेचे प्रमुख पिन्ये यांनी मुलांना ही लिपी वापरू दिली. 1829 मध्ये लुईचं पुस्तक निघालं, आणि त्यात त्याने बार्बिए यांचं ऋण नमूद केलं. हे पुस्तक छापलं होतं आउईंच्या धर्तीच्या उठावाच्या रोमन अक्षरांत, कारण ते आधी इतरांना वाचता यायला हवं होतं. पहिल्या आवृत्तीत काही चिन्हांत ठिपक्यांबरोबर छोट्या रेघाही होत्या. 1837 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या. रेघ टोचायला आणि ओळखायला त्रासाची होती, मुलांच्या वापरातून ते कळलं.

पंधराव्या वर्षी शोध लागला आणि जग बदललं, असंही नाही. फ्रान्समध्ये या लिपीला अधिकृत मान्यता 1854 मध्ये मिळाली. लुई 6 जानेवारी 1852 रोजी, 43 व्या वर्षी गेला होता. मधल्या काळात नव्या प्रमुखांनी काही वर्षं ही लिपी बाजूला सारली, तरी मुलं आपापसांत ती वापरत राहिली. 1952 मध्ये त्याचे अवशेष पॅरिसच्या पॅंथिऑनमध्ये सन्मानाने नेले. हात मात्र कूव्रेच्या स्मशानभूमीतच, एका कलशात ठेवले आहेत.

"ज्या आरीने डोळे गेले त्याच आरीने लिपी कोरली" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते भाषणात छान वाटतं. ब्रेल लिहायचा स्टायलस बोथट असतो. त्याने कागद फाटता कामा नये, फक्त पलीकडे उंचवटा आला पाहिजे. आरी भोक पाडते. मुलांना हे वाक्य सांगू नका, विशेषतः तुमच्या मुलाला, कारण त्याने कामटी आणि लेखणी यांची गाठ मनात बांधायला नको.

आता तुमच्या घराकडे. ही लिपी आपल्या भाषेत कशी आली ते एका वाक्यात सांगते. पूर्वी भारतात प्रांताप्रांतात वेगवेगळ्या ब्रेल चालत, 1951 मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून भारती ब्रेल स्वीकारली गेली, आणि मराठी तीच वापरते. हीत स्वरचिन्ह उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येतं. छापील 'कि' मध्ये वेलांटी आधी काढतात, ब्रेलमध्ये आधी क, मग इ. मुलं हे लवकर शिकतात, कारण तोंड जसं बोलतं तसंच बोट चालतं.

मोबाईल सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असंही तुमच्या दिरांनी विचारलंय. मोबाईल मीसुद्धा दिवसभर वापरते, हे उत्तरही त्याच्यावरच बोलून लिहितेय. पण नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला दिवसातला 'दि' पहिला की दुसरा हे कळत नाही. परिच्छेद म्हणजे काय, स्वल्पविराम कुठे, गणिताचं समीकरण कसं मांडतात, हे कानाला दिसत नाही. बार्बिए यांच्या पद्धतीत लुईला हीच उणीव खटकली होती, दोनशे वर्षांपूर्वी.

पहिले काही महिने लिपीला हात लावू नका. हातांना काम द्या. शेंगा, वाटाणे, बटणं, नाणी, कपड्यांचे चिमटे. मऊ, खरखरीत, ओलं, गुळगुळीत, यांची नावं. घरात त्याचा हात धरून ओढत नेऊ नका, त्याला तुमचा कोपर धरू द्या आणि तो अर्धं पाऊल मागे चालेल असं बघा. पांढरी काठी लवकर द्या, उंचीला बेतशीर, आणि ती कशी वापरायची ते प्रशिक्षित माणसाकडून शिकवा. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, त्यामुळे पुढे ब्रेल शिकताना तो कागद नाकाशी नेऊन ठिपक्यांच्या सावल्या डोळ्याने वाचायला बघेल. सगळी मुलं तसं करतात. रागावू नका, हातांवर एक रुमाल टाका. आणि बोट दाबून घासायची सवय लागू देऊ नका. चांगला वाचणारा कागदाला जेमतेम शिवतो. दाबणाऱ्याचं बोट बधिर होतं आणि ठिपकेही चपटे होतात. दोन्ही हात वापरू द्या, उजवा वाचता वाचता ओळ संपवेल, तोवर डावा पुढची ओळ शोधून ठेवेल.

आणि त्याच्या बाबांचं काम वेगळं आहे, ते त्यांनीच करायचंय. ते लाकूडकाम जाणतात असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. त्यांना सांगा, वीतभर लांबीची, चार बोटं रुंदीची फळी घ्यायची, कडा घासून गोल करायच्या, तिच्यात सहा भोकं पाडायची, तीन ओळी, दोन रकाने, आणि त्यात बसतील असे गुळगुळीत लाकडी खुंटे करायचे. अशा दोन फळ्या करायच्या. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे वरून खाली चार, पाच, सहा. फळ्या होईपर्यंत सहा अंड्यांची दोन खोकी उभी ठेवून त्यात लिंबं घातली तरी चालेल.

मग त्याच्या बाबांनी शेजारी बसून पहिल्या फळीत तीन, चार आणि पाच या भोकांत खुंटे घालायचे. तो आ झाला. दुसऱ्या फळीतही तसंच करायचं, आणि मग मुलाला तिच्यातला चार नंबरचा, उजवीकडे सर्वांत वरचा खुंटा काढायला सांगायचा. तिथे ई उरतो. दोन्ही फळ्या जवळ सरकवा आणि त्याला डावीकडून उजवीकडे हात फिरवू द्या. काय लिहिलंय ते आधी सांगू नका.